साठ की आठ?

आबांना कमी ऐकू येतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यात विशेष काही आहे, असं कोणाला वाटत नव्हतं. वय झालं की असं व्हायचंच, असं सगळे म्हणायचे.

आबा दर मंगळवारी बाजाराला जात. परसातली मेथी आणि कोथिंबीर नेऊन विकत. बाजारात एक खाणावळवाला होता. तो दर खेपेला आबांकडून आठ-दहा जुड्या घेई. एका मंगळवारी तो म्हणाला, "आबा, गुरुवारी माझ्याकडे लग्नाचं जेवण आहे. सकाळी मेथीच्या साठ जुड्या आणून द्या." आबांनी मान हलवली.

गुरुवारी सकाळी आबा हजर झाले. पाटीत मोजून आठ जुड्या!

खाणावळवाला चिडला. "अहो, साठ सांगितल्या होत्या!"

आबाही चिडले. "आठच म्हणालास तू. मी माझ्या कानांनी ऐकलं."

घरी हा विषय निघाला. थोरला मुलगा म्हणाला, "पुरे झालं आबा. आता बाजार मी बघतो. तुम्ही घरी बसा." नातवंडं फिदीफिदी हसली. आबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते कोणाशी फारसं बोलेनात. ओट्यावर एकटे बसून राहू लागले.

हे घर कोणत्या गावचं, ते शोधू नका. असं घर प्रत्येक गावात असतं. कदाचित तुमच्या आळीतही असेल.

आता सांगा, खोटं कोण बोलत होतं? कोणीच नाही. खाणावळवाला साठच म्हणाला होता. आणि आबांनी आठच ऐकलं होतं.

साठ हा शब्द लिहून बघा. त्यातला स चा उच्चार गाळा. काय उरलं? आठ! आबांच्या कानाने तो स गाळला होता.

मोठ्याने बोल! ओरडू नकोस!

घरच्यांची आबांबद्दल आणखी एक तक्रार होती. सूनबाई विचारी, "मामंजी, ताक वाढू का?" आबा म्हणत, "काय? जरा मोठ्याने बोल." ती थोडं मोठ्याने बोले. आबा पुन्हा म्हणत, "काय?" मग ती जोरात ओरडे. लगेच आबा कानावर हात ठेवत आणि म्हणत, "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?"

सूनबाई वैतागून जाई. एकदा ती शेजारणीला म्हणाली, "ह्यांना हवं तेव्हा ऐकू येतं, नको तेव्हा येत नाही. मुद्दाम करतात."

असं तुम्हीही कोणाबद्दल म्हटलं असेल. आम्हीही म्हटलं आहे. पण आबा मुद्दाम करत नव्हते. हलका आवाज मुळीच येत नाही आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो, ही एका दुखण्याची खूण आहे. ते दुखणं कानाच्या अगदी आतल्या भागाचं असतं.

कानाच्या आत काय आहे?

कानाचे तीन भाग आहेत. बाहेरचा कान आपल्याला दिसतो. त्याच्या भोकातून आत गेलं की एक पातळ पडदा लागतो. पडद्याच्या पलीकडे मधला कान. तिथे एकाला एक जोडलेली तीन बारीक हाडं आहेत. आवाजाने पडदा थरथरतो, पडद्याने ती हाडं हलतात.

त्याही पलीकडे आतला कान. तो डोक्याच्या टणक हाडात दडलेला आहे. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी आहे. तिला सुमारे अडीच वेढे आहेत. वेढे उलगडले तर नळी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरेल, म्हणजे करंगळीहूनही कमी. नळीत पाणी असतं. हाडं हलली की या पाण्यात लाटा उठतात.

आणि नळीत आतल्या बाजूला बारीक केस असलेल्या पेशी आहेत. ते डोक्यावरच्या केसांसारखे नव्हेत. साध्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत. लाट आली की हे केस झुकतात. पीक वाऱ्याने झुकतं ना, तसे. केस झुकले की मज्जातंतूतून मेंदूला खबर जाते. तेव्हा आपल्याला ऐकू येतं.

या पेशी रांगांनी उभ्या असतात. एक रांग आतल्या अंगाला. तिच्यात सुमारे ३,५०० पेशी. मेंदूला खबर देण्याचं काम मुख्यतः तिचं. बाहेरच्या अंगाला आणखी तीन रांगा. त्यांत सुमारे १२,००० पेशी. त्यांचं काम निराळं आहे. बारीक आवाज आला की त्या जोर लावून तो वाढवतात. मोठ्या आवाजाला त्यांच्या मदतीची गरज नसते. तेव्हा त्या जोर लावत नाहीत.

दुखणं आलं की बहुधा आधी या बाहेरच्या रांगा मरतात. वयाने मरतात. गिरणीच्या, यंत्राच्या, डीजेच्या दणदणाटाने मरतात. काही औषधांनीही मरतात. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन हे त्यांतलंच एक. (म्हणून कोणी क्षयाचं औषध आपल्या मनाने बंद करू नये. कानात आवाज येऊ लागले किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.) कोंबडीच्या कानातल्या अशा पेशी मेल्या, तर पुन्हा नव्या येतात. माणसाच्या येत नाहीत. गेल्या त्या गेल्या.

कोणी म्हणेल, कानात कोमट तेल घालू. पण तेल पडद्याशी थांबतं. शंखापर्यंत ते पोहोचणार कसं? आणि पडद्याला भोक असलं, तर त्या तेलाने उलट नुकसान होतं.

शिडीच्या मोडलेल्या पायऱ्या

आवाज मोजायचं एक माप आहे. त्याला डेसिबल म्हणतात. कुजबूज सुमारे ३० डेसिबल भरते. साधं बोलणं सुमारे ६०. आवाज १०० च्या घरात गेला की चांगल्या कानालाही तो नकोसा होतो.

आता माळ्यावर जायची एक शिडी डोळ्यांपुढे आणा. तिला दहा पायऱ्या आहेत. एकेक पायरी १० डेसिबलची. चांगला कान पहिल्या पायरीपासून चढतो. पान सळसळलं, कळलं. कोणी कुजबुजलं, कळलं. कोणी हाक मारली, कळलं. असा हळूहळू चढत तो माळ्यावर पोहोचतो.

आबांच्या शिडीच्या खालच्या सहा पायऱ्या मोडल्या आहेत. ६० डेसिबलपर्यंत त्यांना शांतताच. पण माळा काही खाली आलेला नाही, तो आहे तिथेच आहे. चांगल्या माणसाला जो आवाज कर्कश वाटतो, तो आबांनाही कर्कशच वाटतो. म्हणजे "काहीच नाही" पासून "नको नको" पर्यंतची सगळी चढण आबांना उरलेल्या चार पायऱ्यांत चढावी लागते. दुसरे लोक जी चढण दहा पायऱ्यांत चढतात, ती चार पायऱ्यांत!

म्हणून सूनबाईंनी आवाज थोडा वाढवला तरी आबांना तो खूप वाढल्यासारखा वाटतो. आता कळलं ना, आबा कानावर हात का ठेवत?

न्यूयॉर्कमध्ये फाउलर नावाचे कानाचे डॉक्टर होते. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी हे मोजून दाखवलं. ज्यांचा एक कान चांगला आणि एक दुखणाईत, अशा माणसांना त्यांनी दोन्ही कानांत आळीपाळीने आवाज ऐकवला. आवाज हलका असताना दुखऱ्या कानात तो पुष्कळ वाढवावा लागे. तेव्हा कुठे दोन्हीकडे सारखा वाटे. पण आवाज मोठा केला, की फरक कमी होत जाई. शेवटी दोन्ही कानांना तो सारखाच मोठा वाटे. पुढे १९४८ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की ही खूण आतल्या कानाच्या दुखण्यात सापडते. मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर गाठ असली, तर ती सहसा सापडत नाही.

मधल्या कानाचं दुखणं असलं तर ती निराळी गोष्ट. पडद्याला भोक पडतं, कान वाहतो, हाडं आखडतात. तेव्हा भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसं ऐकू येतं. आवाज हलका, पण शब्द स्वच्छ. अशा माणसाशी मोठ्याने बोललं तर त्याला नीट कळतं. यातलं बरंचसं दुखणं औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतंही.

एक अजब तपासणी

१९५९ साली अमेरिकेत जेम्स जर्जर आणि त्यांच्या सोबत्यांनी एक तपासणी काढली. ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

माणसाच्या कानाला एक सलग सूर ऐकवायचा. त्याला जेमतेम ऐकू येतो त्याहून तो २० डेसिबल मोठा ठेवायचा. मग दर पाच सेकंदांनी तो सूर क्षणभर किंचित वाढवायचा. किती? फक्त १ डेसिबल. असं वीस वेळा करायचं. वाढलेला कळला की माणसाने खूण करायची.

चांगल्या कानाचा माणूस बसवला. तो म्हणतो, "सूर एकसारखा चालला आहे." वीस वेळा वाढला, पण त्याला बहुतेक वेळा पत्ताच नाही. मग आतल्या कानाचं दुखणं असलेला माणूस बसवला. तो म्हणतो, "वाढला. आता पुन्हा वाढला. हा बघा, पुन्हा." विसांपैकी चौदा-पंधरा वेळा, कधी वीसच्या वीस वेळा, तो बरोबर ओळखतो!

म्हणजे बहिऱ्याला कळलं आणि ऐकत्याला कळलं नाही. असं कसं?

दुखरा कान तल्लख झाला, असा याचा अर्थ नव्हे. हिशेब करून पाहा. चांगल्या माणसाला जेमतेम ऐकू येतं ते शून्याच्या आसपास. त्यात २० मिळवले, २० झाले. म्हणजे तो सूर कुजबुजीहूनही हलका. आबांचा हिशेब मात्र ६० पासून सुरू होतो. त्यात २० मिळवले, ८० झाले. हा चांगलाच मोठा सूर. मोठ्या सुरात झालेला थोडा बदल कोणालाही लवकर कळतो. चांगल्या माणसाला ८० चा सूर ऐकवला, तर त्यालाही तो कळेल. पण दोघांच्या शिडीचा तळ निराळा असल्यामुळे तपासणीत हा फरक उघडा पडतो. डॉक्टरांना तेवढंच हवं होतं. दुखणं आतल्या कानात आहे की त्यापुढच्या मज्जातंतूत, याचा अंदाज त्यावरून येई. आता याहून चांगली यंत्रं आली आहेत. त्यामुळे ही तपासणी फारशी कोणी करत नाही.

पेटीच्या पट्ट्या

आवाजाचा लहान-मोठेपणा झाला. पण आवाजात आणखी एक फरक असतो. एक सूर उंच, एक खालचा.

भजनातली पेटी तुम्ही पाहिली आहे. तिच्यावर पट्ट्या ओळीने असतात. आतला कानही असाच आहे. शंखाच्या तोंडाशी उंच, बारीक सूर कळतात. जसजसं आत शेंड्याकडे जावं, तसतसे खालचे, जाड सूर कळतात. चांगल्या कानात एक पट्टी दाबली की तिचाच सूर वाजतो. पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांतल्या अंतरापेक्षाही पुष्कळ बारीक फरक चांगल्या कानाला कळतो.

बाहेरच्या रांगांतल्या पेशी मेल्या की काय होतं? जणू एक पट्टी दाबली की शेजारच्या चार पट्ट्याही खाली जातात. सगळे सूर एकात एक मिसळतात. जवळजवळचे दोन सूर एकच वाटू लागतात. ते निराळे कळायला त्यांच्यात जास्त अंतर लागतं.

बोलण्यातही हेच होतं. आ, ओ, म, न हे आवाज जाड आणि भरदार आहेत. ते खालच्या पट्ट्यांवर वाजतात. स, श, फ, थ, ख यांची सूसू आणि फूफू बारीक असते, हलकी असते आणि उंच पट्ट्यांवर असते. म्हातारपणाने किंवा यंत्राच्या आवाजाने कान बिघडतो, तेव्हा बहुधा उंच पट्ट्या आधी जातात. म्हणून बोलण्यातलं जाड उरतं आणि बारीक गळतं.

हे शब्द मोठ्याने वाचा: ताट, पाट, खाट, वाट, लाट. पाचांच्याही शेवटी काय आहे? आट. फरक आहे तो फक्त पहिल्या अक्षराचा, आणि तेच अक्षर आबांना नीट कळत नाही. सूनबाई म्हणते, "ताट घ्या." आबा पाट घ्यायला उठतात. ती ओरडून म्हणाली, तर काय वाढतं? आ वाढतो. तो तर आबांना आधीच ऐकू येत होता!

त्यात चार माणसं एकदम बोलू लागली किंवा टीव्ही चालू असला, तर आबांना सगळा कालवा होतो. चांगला कान त्या गलक्यातून एक आवाज वेचून काढतो. फाटक्या चाळणीने धान्य आणि खडे वेगळे होतील का? तसंच हे. म्हणून अशी माणसं लग्नात, सभेत, पंगतीत गप्प बसतात. लोक म्हणतात, "आबा फार तुसडे झाले."

एका सुराचे दोन सूर

आतल्या कानाचं आणखी एक दुखणं आहे. ते तरुणपणी किंवा मध्यम वयात येऊ शकतं. एका कानात दडा बसतो. घूं घूं आवाज येतो. मग घर गरगर फिरू लागतं, ओकारी येते. माणूस खांबाला धरून बसतो. वीस मिनिटं, कधी काही तास असं चालतं आणि थांबतं. काही दिवसांनी पुन्हा येतं.

यात चक्कर का येते? शरीराचा तोल सांभाळणारी इंद्रियंही शंखाला लागूनच असतात. दोन्हींत तेच पाणी खेळतं. या दुखण्यात ते पाणी फुगतं.

गावात म्हणतात, बाहेरची बाधा झाली. पूर्वी युरोपातले डॉक्टरही म्हणत, हा मेंदूचा विकार आहे. पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेचे डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ साली सांगितलं, की अशी चक्कर कानातूनही येते. आज त्या दुखण्याला त्यांचंच नाव आहे.

या दुखण्यात आवाजाची मोठी गंमत होते. गंमत कसली, हालच ते! एकच सूर दोन कानांना दोन तऱ्हेचा लागतो. भजनातल्या पेटीवाल्याने एक पट्टी धरली, तर चांगला कान म्हणतो हा सूर, दुखरा कान म्हणतो नाही, थोडा वेगळा. पेटीवाल्याला वाटतं पेटी बिघडली. पेटी चांगलीच असते. शिवाय यात आबांसारख्या उंच नव्हे, तर खालच्या पट्ट्या आधी बिघडतात. आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. आज बरं, उद्या वाईट. हे दुखणं समूळ जातंच असं नाही, पण औषधाने आणि मीठ कमी खाल्ल्याने पुष्कळांची चक्कर आटोक्यात राहते.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर "मळ असेल, जाईल" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं, तर ऐकू येणं परत येण्याचा संभव जास्त असतो.

आबांचं पुढे काय झालं

थोरल्या मुलाने एके दिवशी आबांना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कान पाहिला. पडदा ठीक होता. मग त्यांनी नादकाटा वाजवून कानाजवळ धरला आणि कानामागच्या हाडावर टेकवला. मधला कान चांगला आहे, हे त्यावरून कळलं. मग आबांना एका बंद खोलीत बसवून यंत्राने तपासलं. कागदावर एक रेघ आली. ती खाली घसरत गेली होती.

"किती वर्षं गिरणीत काढली, आबा?" बाईंनी विचारलं.

"बावीस," आबा म्हणाले.

बाई म्हणाल्या, "गिरणीत हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं ना? मग तो आवाज कान खाणाराच होता."

मुलगा खाली बघत राहिला. त्याच गिरणीच्या पगारावर तो शिकला होता.

आबांना कानयंत्र मिळालं. उत्पन्न कमी असेल, तर सरकारी योजनेतून ते फुकट किंवा कमी किमतीत मिळतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिथे ऐकण्याच्या तपासण्या होतात आणि कानयंत्रंही देतात. आजची यंत्रं हलका आवाज पुष्कळ वाढवतात आणि मोठा आवाज थोडाच वाढवतात. शिडीला उरलेल्या चार पायऱ्यांत सगळा आवाज बसवायचा, असा तो प्रयत्न आहे. पण यंत्राने मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. मिसळलेले सूर पुरते वेगळे होत नाहीत. म्हणून बाईंनी घरच्यांनाही चार गोष्टी सांगितल्या.

आधी आबांना हाक मारा. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं की मग बोला. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, म्हणजे ओठ दिसतात. स ऐकू आला नाही, तरी ओठांवर आणि दातांवर तो थोडा दिसतो. जवळ या, पण कानात ओरडू नका. सावकाश बोला. टीव्ही बंद करा. आणि एखादा शब्द कळला नाही, तर तोच तो दहा वेळा म्हणू नका. शब्द बदला.

शेवटची गोष्ट सूनबाईंच्या ध्यानात बरोबर राहिली. ताट म्हटलेलं कळलं नाही, तर ती आता म्हणते, "मामंजी, जेवायला बसा."

पुढच्या मंगळवारी मुलगा आबांबरोबर बाजाराला गेला. खाणावळवाल्याला त्याने बाजूला घेऊन सगळं सांगितलं. खाणावळवाला आबांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. आबांनी वर पाहिलं.

"आबा, रविवारी पुन्हा जेवण आहे. मेथीच्या साठ जुड्या..." आबांच्या कपाळाला आठी पडली. खाणावळवाला थांबला आणि तीन बोटं दाखवून म्हणाला, "तीन विसा."

"तीन विसा," आबा म्हणाले. "पाच वर घालतो. उन्हाने एखाददुसरी सुकते."